आंघोळीचा रकाना

३ नोव्हेंबर, रविवार

वही पुन्हा सुरू करतो आहे. निवृत्त झाल्यापासून नोंदण्यासारखं काही घडत नव्हतं.

लेक सकाळी बोटीवर रुजू व्हायला गेली. मालवाहू बोट आहे, तिथला भटारखाना तिच्याकडे. करार सहा महिन्यांचा. बोट बंदराला लागली की फोन करणार, बहुधा रविवारी. तोवर नात माझ्याकडे. वय सहा वर्षं दोन महिने, वजन १९ किलो ४०० ग्रॅम. एका जागी टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. जावयाचा विषय या वहीत नको.

निघताना लेकीने पाच सूचना केल्या. चार मला आधीच ठाऊक होत्या. पाचवी अशी : "बाबा, तिची कातडी जरा कोरडी आहे. पिशवीत एक डबा आहे, आंघोळ झाली की त्यातलं चोपडत जा." ती गेल्यावर डबा उघडला. आत मेणासारखं पिवळट काहीतरी. लेबल नाही, तारीख नाही. हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बारा प्रमुख म्हणून. ऑपरेशनची हत्यारं आमच्याकडे रक्ताने माखलेली यायची आणि वाफेच्या पेटीतून लखलखीत बाहेर पडायची. माझ्या सहीच्या ट्रेमुळे एकाही पेशंटला संसर्ग झाला नाही. बिनलेबलाच्या वस्तूला मी कधी हात लावला नाही. डबा टाकून दिला.

भिंगरी दुपारभर दाराशी बसून होती. संध्याकाळी विचारलं, "सहा महिने म्हणजे किती रविवार?" सव्वीस, सांगितलं.

५ नोव्हेंबर

दिनक्रम बसवला. सहाला उठायचं. वीस मिनिटं कढत पाण्याने आंघोळ, जंतुनाशक साबण, मऊ ब्रश. शाळेतून आली की पुन्हा आंघोळ, कारण शाळेत सत्तावीस मुलं आहेत आणि त्यांच्या घरी काय चालतं कोण जाणे. चादरी, अभ्रे एक दिवसाआड उकळायचे.

ती म्हणाली, "आजोबा, पाणी चावतं."

"सवय होईल," म्हणालो.

१३ नोव्हेंबर

दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत लाल चट्टे. डास असतील. जाळी तपासली, धड आहे. खबरदारी म्हणून आंघोळीच्या पाण्यात दोन झाकणं जंतुनाशक टाकलं.

शाळेतून बाईंचा निरोप : भिंगरी वर्गात फार चुळबुळ करते. हे मला नवीन नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

फोन आला नाही. वादळामुळे बोट बंदराबाहेर थांबली असेल. भिंगरी सकाळी नऊपासून फोनशेजारी बसली ती दुपारी जेवायलाही तिथेच. रविवार कॅलेंडरवर खोडायचा की नाही असं विचारलं. फोन आला नाही तरी रविवार झाला, असं समजावलं. खोडला.

१८ नोव्हेंबर

गुडघ्यांच्या मागेही चट्टे. चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके. झोपेत खाजवलेलं दिसतं. नखं कापली. हवा कोरडी आहे, त्याने असेल.

चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. दोन मिनिटांत "इसब आहे" म्हणाले आणि एक ट्यूब लिहून दिली. ट्यूबच्या खोक्यातली चिठ्ठी घरी येऊन वाचली. स्टेरॉइड. दुष्परिणामांची यादी औषधाच्या माहितीपेक्षा लांब. ट्यूब कपाटात ठेवली. कारण शोधल्याशिवाय इलाज करणं म्हणजे गळका नळ सोडून फरशी पुसणं. कारण मी शोधतो.

वहीत रकाने आखले : हवा, खाणं, कपडे, धूळ, प्राणी, शाळा. शेवटचा खाजेचा, शून्य ते दहा. आकडा रोज सकाळी तिच्याकडूनच घ्यायचा. आज म्हणाली, "सहा. मी सहा वर्षांची आहे म्हणून नाही, खरंच सहा."

२३ नोव्हेंबर

लोकरीचा स्वेटर बंद. तिचा गळा त्यात लाल होत होता. खाज सहावरून पाचवर आली. पद्धत बरोबर आहे.

लोकर गेल्यामुळे खोलीतला हीटर वाढवला. ओठ फुटले आहेत.

२६ नोव्हेंबर

खाज सात. प्राणी या रकान्याकडे लक्ष गेलं. समोरच्या दारात एक बाई राहतात, घरीच शिलाई करतात. भिंगरी त्यांना शिलाईआजी म्हणते. शाळेनंतर तासभर तिथे असते. त्यांच्याकडे सुतळी नावाची मांजर आहे, खऱ्या सुतळीसारखीच बारीक आणि त्याच रंगाची. मांजर शिलाई मशीनच्या पायडलवर झोपते आणि भिंगरी मांजरीजवळ.

दार वाजवून सांगितलं की उद्यापासून मुलगी येणार नाही, मांजरीच्या केसांमुळे तिला इसब झालं आहे.

बाई म्हणाल्या, "भाऊ, ती माझ्याकडे असते तेव्हा तर एवढं खाजवत नाही हो. हात गुंतलेले असतात तिचे. बटणं ओवते दोऱ्यात."

"केस डोळ्यांना दिसत नाहीत," मी म्हणालो.

"मग तुम्हाला कसे दिसले?"

घरी येऊन भिंगरीला आंघोळ घातली, कपडे उकळले.

१ डिसेंबर, रविवार

फोन आला, चार मिनिटं. आवाज मधेमधे तुटत होता. लेकीने विचारलं, कशी आहे? उत्तम, म्हणालो. ती बोटीवरून काय करणार? उगाच जिवाला घोर. काम सोडून आली तर पुढच्या वेळी कोणी घेणार नाही. भिंगरी फोनवर मांजरीबद्दल सांगायला लागली तेव्हा लाइन गेली.

खाज सात. मांजर बंद होऊन पाच दिवस झाले. केस घरातून जायला वेळ लागत असावा.

४ डिसेंबर

खाण्याचा रकाना हाती घेतला. दूध, अंडी, शेंगदाणे, टोमॅटो, संत्री बंद. एकेक बंद केलं असतं तर जास्त शास्त्रशुद्ध झालं असतं, पण वेळ नाही. तिने ताटाकडे बघून विचारलं, "मग उरलं काय?" भात आणि उकडलेली भाजी. खाल्लं. अर्धं.

शाळेचा रकाना : तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं आहे. एका मुलीच्या आईने तक्रार केली, अंगावरचं चिकटेल म्हणून. बाईंना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "आम्हाला कळतंय हो, पण पालक ऐकत नाहीत. बरं होईपर्यंतच." मी वाद घातला नाही. संसर्गाचा संशय असला तर अलगीकरण हे मीसुद्धा केलं असतं. खरं तर घरी केलंच आहे. तिचं ताट, पेला, टॉवेल परवापासून वेगळे ठेवतो.

संध्याकाळी आंघोळीच्या वेळी ती म्हणाली, "आजोबा, मी घाण आहे का?"

नाही, म्हणालो. मग आंघोळ घातली.

८ डिसेंबर, रविवार

फोन नाही. वजन १८ किलो १००. खाज नऊ. मानेवरही आलं आहे. हवेचा दमटपणा तीस टक्के. धूळ : गालिचा आणि पडदे काढून टाकले, खोली आता ऑपरेशन थिएटरसारखी झाली आहे. कापडी ससा उकळला. त्याचा एक कान सुटला. ती रडली नाही. कान खिशात ठेवला.

तिला विचारलं, तुला काय वाटतं, कशाने खाजतं? म्हणाली, "सगळ्याने." हे नोंदवण्याजोगं उत्तर नाही, पण नोंदवतो.

१० डिसेंबर

सकाळी ताप १०२. डाव्या कोपरातल्या चट्ट्यावर पिवळी खपली, कडेने ओल, भोवती गरम. मी असे हात खूप पाहिले आहेत. सांगायला डॉक्टर लागत नाही. संसर्ग.

रिक्षाने हॉस्पिटलला नेलं. माझ्याच हॉस्पिटलला. दारातल्या वॉचमनने सलाम केला. त्याच्याकडे बघवलं नाही. का ते माहीत नाही. त्याचा यात काही संबंध नव्हता.

दाखल करून घेतलं. पट्ट्या, सलाईनमधून औषध.

११ डिसेंबर

ताप उतरला. हे सविस्तर लिहितो, कारण पुढे लागेल.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई दहाला आल्या. पस्तिशीच्या असतील. मला पाहून हसल्या. "काका, ओळखलं नाहीत? मी शिकत होते तेव्हा तुम्ही मला थिएटरच्या दारातून परत पाठवलं होतं. नखं वाढली होती म्हणून."

"बरोबरच केलं होतं," मी म्हणालो.

"हो. अजून आठवड्यातून दोनदा कापते."

त्यांनी भिंगरीचे हात, गुडघे, मान, पाठ पाहिली. तिला विचारलं, कधी जास्त खाजतं? भिंगरी म्हणाली, "आंघोळ झाल्यावर. आणि रविवारी." बाई माझ्याकडे वळल्या. मी वही पुढे केली. चोवीस दिवसांच्या नोंदी, एक दिवस चुकलेला नाही. त्या खाटेच्या कडेवर बसून वाचायला लागल्या. पान उलटताना दोनदा "वा" म्हणाल्या. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

मग म्हणाल्या, "काका, यात आंघोळ कुठे आहे?"

"आंघोळीची काय नोंद करायची? ती रोजचीच."

"रोज किती वेळा?"

"दोनदा. गेल्या आठवड्यापासून तीनदा."

"पाणी?"

"कढत. जंतुनाशक घालून. साबण तोच, हॉस्पिटलात वापरायचो तो."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. ब्रशने."

त्यांनी पेन खाली ठेवलं. पलीकडच्या खाटेवर एक बाई नवऱ्याला मोसंबी सोलून देत होती, ती पण थांबल्यासारखी वाटली. तसं नसेल.

"अंगाला नंतर काय लावता?"

"काही नाही. कोरडं, स्वच्छ."

"काका, तुम्ही वाफवत होतात ती हत्यारं स्टीलची होती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "कातडीला स्वतःचं तेल असतं. ते दिवसातून तीनदा कढत पाण्याने आणि साबणाने काढून टाकलं की ती कोरडी पडते, फुटते. फुटली की खाज. खाजवलं की जखम. जखमेतून जंतूंना वाट मिळते. तुम्ही ज्यांना बाहेर ठेवायला धडपडत होतात त्यांना दार उघडून दिलंत."

मी विचारलं, "म्हणजे हे माझ्यामुळे झालं?"

"इसब तुमच्यामुळे नाही. काही मुलं अशी कातडी घेऊनच जन्माला येतात, घराण्यात असतं बऱ्याचदा. तुम्ही त्याला खतपाणी घातलंत. तसं हीटरनेही घातलं, लोकरीनेही. तुमच्या वहीतलं निम्मं बरोबर आहे. लोकर बरोबर पकडलीत. पण खाणं बंद करायचं नव्हतं, तिच्या फासळ्या दिसतायत. आणि रविवारचा रकाना राहिलाय."

"रविवारी फोन येतो किंवा येत नाही. त्याचा कातडीशी काय संबंध?"

"तिला विचारा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

लिहून दिलेलं : दिवसातून एकदाच आंघोळ, कोमट पाणी, पाच मिनिटं. साबण बिनवासाचा, सौम्य, तोही गरजेपुरता. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. तीन मिनिटांच्या आत जाड मलम, सगळ्या अंगाला, दिवसातून आणखी दोनदा. लाल चट्ट्यांवर ती कपाटातली ट्यूब, सांगितली तितकीच आणि तितकेच दिवस. कपडे सुती. हीटर कमी. दूध, अंडी, सगळं सुरू. इसब चिकटत नाही.

शेवटचं वाक्य त्यांनी अधोरेखित केलं आहे.

१२ डिसेंबर

घरी आलो. वेगळं ठेवलेलं ताट-पेला इतर भांड्यांत मिसळले. आता कुठलं तिचं ते ओळखू येत नाही.

पहिली कोमट आंघोळ. घड्याळ लावून पाच मिनिटं. ब्रश नाही. तिने दोनदा विचारलं, "झालं? एवढंच?" मलम बोटांना चिकट लागतं, काढलं तरी जात नाही. तिच्या पाठीवर लावताना हात कुठे जोरात पडतो, कुठे हलका, कळेना. हत्यारांना आपण हातमोज्यांतून हात लावतो.

ती अंगठ्याएवढा मलमाचा गोळा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "एवढं लागतं. आई एवढं घेते."

१५ डिसेंबर, रविवार

फोन आला. आज लाइन साफ होती, त्यामुळे पळवाट नव्हती. सगळं सांगितलं. हॉस्पिटल, ताप, आंघोळी, डबा टाकून दिला तेही. क्रमाने सांगितलं, मधे थांबलो नाही.

लेक म्हणाली, "पुढच्या बंदरात उतरते. माझं मी बघीन."

मी म्हणालो, "दोन आठवडे दे. आकडे कळवतो. खाली आले नाहीत तर ये."

"आकडे!" ती म्हणाली. मग तिचा आवाज वेगळा झाला. "बाबा, मलाही होतं हे. आठवतंय का तुम्हाला?"

"तुला? कधी?"

"लहानपणापासून आठवीपर्यंत. उन्हाळ्यातही मी पूर्ण बाह्या घालत होते. तुम्ही एकदा विचारलंत, एवढ्या उकाड्यात हे काय, तर आई म्हणाली फॅशन आहे. आई दुपारी लावायची मला. त्या डब्यातलंच, पेट्रोलियम जेली आणि मेण वितळवून ती घरीच करायची. तुम्हाला तेलकट हात चालायचे नाहीत ना. तुम्ही यायच्या आत दाराच्या कड्या, खुर्च्या सगळं पुसून ठेवायचो आम्ही दोघी."

मी म्हणालो, मला ठाऊक नव्हतं.

"ठाऊक होऊ नये म्हणूनच तर पुसायचो," ती म्हणाली. रागाने नाही. मग भिंगरीला फोन दिला.

बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली. या गोष्टीची माझ्याकडे कसलीही नोंद नाही.

भिंगरी फोनवर आईला मलम कसं लावतात ते सांगत होती, जणू आईला माहीत नाही. अकरा मिनिटं बोलली. त्या वेळात एकदाही खाजवलं नाही. रविवार हा रकाना आखला.

१६ डिसेंबर

शाळेत गेलो. बाईंना डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवली. त्या म्हणाल्या, मुलांना तुम्हीच सांगाल का, तुम्ही हॉस्पिटलातले. सत्तावीस मुलांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो की मी एकतीस वर्षं जंतूंना ओळखत आलो आहे आणि हा आजार कुणाला चिकटत नाही. पहिल्या बाकावरच्या एकाने विचारलं, "कशावरून?" भिंगरीचा हात हातात घेतला, बाही वर केली. "रोज तीनदा मलम लावतो, हातमोजे न घालता. मला झालं का?"

"तुम्ही म्हातारे आहात," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांना होत नसेल."

वर्ग हसला. बाई पण. भिंगरी सगळ्यांत जास्त. तिला दुसऱ्या बाकावर बसवलं.

बाहेर पडताना लक्षात आलं की महिनाभर मी स्वतः तिचं ताट वेगळं ठेवलं होतं. नक्की पाहिलं तर दहा दिवस. तरी.

२२ डिसेंबर, रविवार

खाज पाच. वजन १८ किलो ६००. फोन आला नाही. दुपारी तिला विचारलं, डॉक्टरीणबाईंनी विचारायला सांगितलं होतं म्हणून, की रविवारी का खाजतं.

म्हणाली, "फोनची वाट बघताना हाताला काही काम नसतं."

मग थोड्या वेळाने : "आणि आई बुडाली असेल असं वाटतं."

नकाशा आणला. बोटीचा मार्ग पेन्सिलीने काढून दाखवला, बंदरं कुठे आहेत, मधे किती दिवस फोन लागत नाही. म्हणालो, ज्या रविवारी बोट इथून इथवर असेल त्या रविवारी फोन येणारच नाही, वाट बघायचीच नाही. तिने ते तुकडे लाल रंगवले. "हे मला आधी का नाही सांगितलं?" विचारलं. तिने विचारलं नव्हतं, म्हणून. हे उत्तर दिलं नाही.

२९ डिसेंबर, रविवार

फोन. खाज तीन. लेकीला आकडा सांगितला. "तुम्ही सांगताय की ती?" "तीच." लेक म्हणाली, "बरं. राहते मग." करार पूर्ण करणार.

४ जानेवारी

जड गेलं पण केलं. समोरचं दार वाजवलं. बाई मशीनवर होत्या. उठल्या नाहीत.

"मी चुकलो," म्हणालो. "मांजरीमुळे नव्हतं. म्हणजे असेलही थोडं, काही जणांना चालत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या पंधरा दिवस येऊ द्या आणि बघा. तुमची हरकत नसेल तर."

"म्हणजे सुतळीची आता परीक्षा?" त्या म्हणाल्या.

"मांजरीची नाही. केसांची."

"मग दिसले का शेवटी?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाल्या, "भाऊ, महिनाभर ती पोर रोज शाळेतून येताना माझ्या दाराला हात लावून पुढे जायची. वाजवायची नाही. नुसता हात लावायची. तुम्ही मागे असायचात, तुम्हाला दिसलं नाही का?"

दिसलं होतं. दार घाण असेल म्हणून हात धुवायला लावत होतो. हे त्यांना सांगितलं नाही. इथे लिहितो.

१९ जानेवारी, रविवार

मांजरीचे पंधरा दिवस पूर्ण. आकडे : तीन, तीन, दोन, तीन, दोन, दोन, चार (शाळेत पळापळी, घाम), तीन, दोन, दोन, दोन, एक, दोन, एक, एक. मांजर निर्दोष. सावधगिरी म्हणून तिला पलंगावर घ्यायचं नाही असं ठरलं. भिंगरीने मांजरीला समजावून सांगितलं.

शिलाईवाल्या बाईंनी दोन सुती सदरे शिवून पाठवले, शिवणी बाहेरच्या बाजूला. आतून हात फिरवला, एक धागा लागत नाही. असं काम मी हत्यारांतही क्वचित पाहिलं. बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढं गोड बोलायची सवय नाही तुम्हाला, जपून."

१० फेब्रुवारी

खाज पाच. चट्टे परत. सगळं नीट चालू असताना. दोन दिवस वही उलटीपालटी केली. काही सापडलं नाही. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हा आजार असाच येतो-जातो. प्रत्येक वेळी गुन्हेगार सापडेलच असं नाही. ट्यूब लावा, मलम वाढवा, झोपा."

हे शास्त्रशुद्ध नाही, असं म्हणालो.

"हेच शास्त्र आहे," त्या म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी

खाज दोन. कारण सापडलं नाही. तसंच लिहितो : कारण सापडलं नाही.

९ मार्च, रविवार

फोन, चौदा मिनिटं. लेक दमलेली वाटली. विचारलं, तर म्हणाली भटारखान्यात माणूस कमी आहे, भांडीही तीच धुते. भिंगरीने तिला दात पडल्याची बातमी दिली. वजन २० किलो. दोन-तीन ठिकाणी डाळीएवढे काळपट डाग अजून आहेत, बाकी हात साफ.

खाजेचा आकडा आता मी विचारायच्या आधीच ती सांगते, दात घासता घासता. "शून्य आणि थोडं."

२७ एप्रिल, रविवार

लेक सकाळी साडेदहाला आली. करारापेक्षा आठवडाभर आधी सोडलं त्यांनी. भिंगरी जिन्यापर्यंत धावली आणि मधल्या पायरीवर एकदम थांबली, ओळख नसल्यासारखी. लेक तिथेच खाली बसली. मग दोघी वर यायला वेळ लागला. मी चहा ठेवला.

दुपारी भिंगरीने आईला सगळं दाखवलं. कोमट पाणी किती कोमट, कोपर बुडवून कसं बघायचं, टॉवेल टिपायचा कसा. "तीन मिनिटांच्या आत, नाहीतर काही उपयोग नाही," ती म्हणाली. लेक माझ्याकडे बघून हसली. भिंगरीचे हात, गुडघ्यांच्या घड्या, मान तिने नीट पाहिली. मानेवर जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, चांगलं ठेवलंत." मी म्हणालो, डिसेंबरपासून.

बाहेर उकडत होतं. खिडक्या उघड्या होत्या, पंखा चालू होता. लेक पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात बसली होती, मनगटावर बटणं लावलेली. चहाचा कप तिने दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांनी धरला होता.

"बाही वर कर," मी म्हणालो.

"काही नाही बाबा, सवय आहे."

"वर कर."

तिने कप खाली ठेवला. मग बटण काढलं. बोटांच्या सांध्यांवर उभ्या भेगा, दोन खोल. मनगट खरखरीत. कोपराच्या घडीत लाल चट्टा, दोन बोटं रुंद, कडा कोरड्या, ओल नाही, खपली नाही.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी. दिवसभर हात पाण्यात, तो साबण असला कडक. जाईल."

"फोनवर बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात," ती म्हणाली.

घमेल्यात कोमट पाणी आणलं. तिला स्टुलावर बसवलं. पाच मिनिटं. टिपलं. भिंगरी समोर घड्याळ धरून उभी होती आणि मिनिटं मोठ्याने सांगत होती. अंगठ्याएवढा गोळा घेतला. आधी भेगा, मग मनगट, मग वर. भेगांना लागलं तेव्हा तिने श्वास ओढला, मी हात हलका केला. कुठे जोर द्यायचा आणि कुठे नाही ते आता कळतं.

लेक एकोणचाळीस वर्षांची आहे. तिच्या कोपराची आतली बाजू मी आज पहिल्यांदा पाहिली.

"दोन मिनिटं चाळीस," भिंगरी म्हणाली. "दुसरा हात राहिला."

तो लेकीने स्वतःच बटण काढून पुढे केला.